निघोजचे रांजण कोणी घडवले?

खडकांचा धडा शिकवून झाला की मुलांच्या लक्षात तीन शब्द राहतात : अग्निज, स्तरित आणि रूपांतरित. परीक्षेपुरते तेवढे पुरते. पण महाराष्ट्रातील बहुतेक शाळांच्या आसपास जो काळा कातळ असतो, त्याच्याकडे बोट दाखवून "हा असा का दिसतो?" असा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो. काही ठिकाणी मात्र खडकच हा प्रश्न विचारायला भाग पाडतो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर तालुक्याचे निघोज हे असेच एक ठिकाण. पुण्याहून शिरूरमार्गे ते सुमारे ९० किलोमीटरवर आहे. गावापासून थोड्या अंतरावर कुकडी नदीच्या पात्रात जे दिसते, त्याला शास्त्रीय मराठीत 'रांजणखळगे' म्हणतात आणि गावात नुसतेच 'कुंड' म्हणतात.

हिवाळ्यातल्या एका रविवारी आम्ही पाच मित्रमैत्रिणी तेथे गेलो. गणित शिकवणारे एक सर, भूगोलाच्या एक बाई, बँकेत नोकरी करणारा एक जुना वर्गमित्र, एक डॉक्टर आणि प्रस्तुत लेखक. डॉक्टरांची नववीतली मुलगीही सोबत होती. सहलीचा हेतू भाकरी, ठेचा आणि गप्पा एवढाच होता. अभ्यास पुढे आपोआप झाला, आणि त्याचे श्रेय बरेचसे त्या मुलीला द्यावे लागेल.

कुकडीच्या एका तीरावर निघोज आणि दुसऱ्या तीरावर पुणे जिल्ह्यातील टाकळी हाजी. दोन्ही तीरांवर मळगंगा देवीची देवळे आहेत. मोकळ्या रानातून संथ वाहत आलेली नदी येथे एकदम कातळात शिरते आणि अरुंद घळीतून वाहू लागते. घळीच्या दोन्ही बाजूंच्या खडकावर जिकडे पाहावे तिकडे खळगे आहेत. काही वाटीएवढे, काही घागरीएवढे, काहींत माणूस उभा मावेल, तर काही त्याहूनही खोल. तोंड गोल, आतल्या भिंती गुळगुळीत, आणि अनेकांचे पोट तोंडापेक्षा मोठे. दोन खळग्यांमधली भिंत कोठे कोठे इतकी पातळ झाली आहे की तिला खिडकी पडली आहे. एखाद्या कुंभाराने शेकडो रांजण जमिनीत पुरून ठेवावेत आणि मग ते सगळे दगडाचे व्हावेत, असा तो देखावा आहे.

चार तर्क

"हे कोणी केले असेल?" हा प्रश्न मुलीने विचारला, आणि भूगोलाच्या बाईंनी उत्तर सांगायला तोंड उघडताच सरांनी त्यांना थांबवले. "बाई, तुम्ही आधी बोलायचे नाही. प्रत्येकाने आपला तर्क सांगायचा. ज्याचा खोटा ठरेल त्याने परतताना शिरूरला सगळ्यांना मिसळ द्यायची." अट सर्वांना मान्य झाली.

बँकेतल्या मित्राचा तर्क असा, की हा खडक लाव्हारसापासून बनलेला आहे. रस उकळत असताना त्यात बुडबुडे आले आणि तेच गोठून राहिले. डॉक्टरांना ही माणसाची करामत वाटली : धान्य कांडण्याची उखळे किंवा पाणी साठवण्याची टाकी. सरांनी मेघालयातील चुनखडीच्या गुहांची आठवण करून दिली आणि पाण्याने खडक विरघळवला असेल असे सुचवले. मुलगी म्हणाली, "काका, मला वाटते पाण्यानेच झाले. पण पाणी एवढे मऊ असते, मग त्याने दगड कसा कापला?"

हे चारही तर्क आपल्याला वर्गात ऐकायला मिळण्यासारखे आहेत, म्हणून ते एकेक करून तपासू.

बुडबुड्यांच्या तर्कात तथ्य आहे. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून बाहेर पडलेल्या लाव्हारसाच्या थरांपासून बनला. आज त्याने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. रस थंड होताना त्यातील वायू बाहेर पडू लागतो आणि काही बुडबुडे आतच अडकतात. पण या पोकळ्या सहसा वाटाण्याएवढ्या किंवा मुठीएवढ्या असतात, चारही बाजूंनी बंद असतात, आणि पुष्कळदा त्यांत गारगोटी, अकीक किंवा झिओलाइटचे पांढरे स्फटिक भरलेले असतात. शिवाय बुडबुडे हेच कारण असते तर असे रांजण डोंगराच्या उतारावर आणि रस्त्यासाठी फोडलेल्या कड्यातही दिसायला हवे होते. ते तर नदीच्या पात्रातच आहेत.

माणसाने कोरलेल्या दगडाची खूण ओळखण्यासाठी आपण कुकडीच्याच उगमाकडे जाऊ. ही नदी जुन्नरच्या पश्चिमेस, कुकडेश्वराजवळ उगम पावते. तेथून जवळच नाणेघाट आहे. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे आणि आसपास कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. ती माणसाने घडवली आहेत. छिन्नीने खोदलेल्या टाक्याला सरळ कडा आणि कोपरे असतात, भिंतींवर घावांच्या रेषा असतात, आणि ते माणसाला उपयोगी पडेल अशा जागी असते. निघोजच्या खळग्यांना ना कोपरे ना घावांच्या रेषा. दर पावसाळ्यात पुराखाली बुडणाऱ्या जागी कोणी धान्याचे उखळ खोदणार नाही. एकाच नदीच्या काठी, वरच्या अंगाला माणसाने घडवलेला रांजण आणि खालच्या अंगाला निसर्गाने घडवलेले रांजण पाहायला मिळावेत, हा योग मुलांना तुलना करून दाखवण्यासारखा आहे.

विरघळण्याचा तर्क चुनखडीला लागू पडतो, कारण हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड मिसळलेले पाणी कॅल्शियम कार्बोनेट विरघळवू शकते. बेसॉल्ट हा मुख्यत्वे फेल्डस्पार आणि पायरॉक्झीन या सिलिकेट खनिजांचा बनलेला असतो. पाण्याने त्याचेही रासायनिक विदारण होते. आपली काळी माती ही त्याचीच निष्पत्ती. पण ते होताना खडक मऊ आणि खरखरीत होतो, कांद्यासारखे त्याचे पापुद्रे सुटतात. खळग्यांच्या भिंती याच्या नेमक्या उलट आहेत : टणक, आणि हात फिरवला तर घासून पुसून चकचकीत केल्यासारख्या.

उरला मुलीचा तर्क, आणि त्याला जोडून आलेली तिची शंका. ती शंका अगदी योग्य होती.

हत्याराचा शोध

पाणी एकटे हे काम करत नाही. स्वच्छ पाणी टणक बेसॉल्टवरून कितीही वाहिले तरी त्याला फारसे झिजवू शकत नाही. कापायला हत्यार लागते. ते कोठे आहे हे शोधायचे, तर कोरड्या पडलेल्या एखाद्या उथळ खळग्याच्या तळाशी पाहावे. तेथे वाळू असते, आणि वाळूत गोल, अंडाकृती, गुळगुळीत गोटे असतात. हीच ती हत्यारे.

आपल्या घरातील पाटा-वरवंटा किंवा रगडा आठवा. चटणी वाटली जाते ती दोन दगडांमध्ये. पाणी फक्त ओलावा देते. रांजणखळग्यात कातळ हा पाटा आहे, गोटे हा वरवंटा आहे, आणि तो फिरवणारा हात म्हणजे नदीचा भोवरा. वाटणाऱ्या बाईला हेही ठाऊक असते की पाट्याबरोबर वरवंटाही झिजतो. खळग्यातले गोटे गोल का असतात याचे उत्तर येथे मिळते. ते कातळाला झिजवता झिजवता स्वतः झिजले आहेत. काही वर्षांनी त्यांची वाळू होते आणि पुराबरोबर नवे दगड येऊन पडतात.

हत्यार कामाचे हवे असेल तर ते पुरेसे कठीण असावे लागते. मोहसच्या काठिण्यश्रेणीत फेल्डस्पारचा क्रमांक ६, पायरॉक्झीनचा ५ ते ६ आणि गारगोटीचा ७ आहे. बेसॉल्टचा गोटा बेसॉल्टला झिजवू शकतो, कारण दोघेही तोडीस तोड असतात. बुडबुड्यांच्या पोकळीतून सुटून आलेली गारगोटी किंवा अकीक तर त्याहून सरस.

आता बँकेतल्या मित्राकडे पुन्हा वळू. खळगा सुरू व्हायला आधी खडकात कोठेतरी लहानशी खोलगट जागा लागते, जेथे दोन-चार खडे अडकून राहतील. ही जागा कशी तयार होते? कधी थंड होताना पडलेल्या दोन भेगा एकमेकींना छेदतात तेथला कोपरा निखळतो. कधी वरच्या थरातला एखादा बुडबुडा उघडा पडतो आणि त्यातले स्फटिक निघून जातात. म्हणजे बुडबुड्याने रांजण घडवला नाही, पण रांजणाची सुरुवात करून दिली असे काही ठिकाणी नक्कीच म्हणता येईल. यावर मिसळीची अर्धी प्लेट माफ करावी असा त्याने अर्ज केला, आणि तो मंजूर झाला.

एकदा का खळगा तयार झाला की तो स्वतःच स्वतःला मोठा करतो. जितका तो खोल, तितके त्यात दगड जास्त अडकतात. जितके दगड अडकतात, तितका तो खोल होतो. सपाट खडकावरचा गोटा मात्र पहिल्याच पुरात वाहून जातो.

वेग दुप्पट, दगड चौसष्ट पट

हिवाळ्यात कुकडीचे पाणी पाहून ती एखादा खडा तरी हलवेल असे वाटत नाही. नदीच्या कामाचे दिवस वर्षातून थोडेच असतात : पावसाळ्यातील पुराचे. या थोड्या दिवसांत एवढे काम कसे होते, हे समजण्यासाठी सरांनी वाळूत बोटाने एक हिशोब मांडला. दहावीच्या मुलांना तो सहज कळेल.

वाहते पाणी दगडावर जो रेटा देते तो ढोबळमानाने पाण्याच्या वेगाच्या वर्गाच्या आणि दगडाच्या समोरच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असतो. क्षेत्रफळ हे दगडाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात. दगडाला जागेवर धरून ठेवणारे त्याचे वजन मात्र व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. दगड जेमतेम हलू लागतो तेव्हा रेटा आणि वजन तुल्यबळ असतात. दोन्हींकडचा व्यासाचा वर्ग काढून टाकला तर असे दिसते, की हलवता येण्याजोग्या दगडाचा व्यास वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. आणि वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असल्यामुळे ते वेगाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढते.

याचा अर्थ वेग दुप्पट झाला तर नदी २ चा सहावा घात, म्हणजे ६४ पट वजनाचा दगड हलवू शकते. वेग तिप्पट झाला तर ७२९ पट! एरवी १० ग्रॅमचा खडा सरकवणारा प्रवाह पुरात तिप्पट वेगाने वाहू लागला तर सात किलोंहून जड धोंडा ढकलतो. त्यात निघोजला पात्र एकदम अरुंद होते. तेवढेच पाणी निम्म्या रुंदीतून जायचे आणि खोली तीच राहायची, तर वेग दुप्पट व्हावाच लागतो. रुंद पात्रात निवांत असलेली नदी कातळाच्या घळीत शिरल्यावर अशी हत्यारे परजू लागते.

चहाच्या पत्तीचा प्रश्न

मुलीने दुसरा प्रश्न विचारला तो थर्मासमधला चहा पिताना. "कपात चमचा फिरवला की चहाची पत्ती मध्यभागी जमा होते. मग खळग्यातले दगडही मध्येच जमायला हवेत. ते भिंतीला कसे घासतात?"

हा प्रश्न साधा नाही. चहाच्या पत्तीचे हे कोडे अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९२६ साली एका लेखात सोडवले होते, आणि त्याचा संबंध त्यांनी नद्यांच्या वळणांशी जोडला होता. कपातले पाणी गोल फिरते तेव्हा कडेला पाण्याचा दाब वाढतो आणि मध्यभागी कमी होतो. तळाला अगदी लागून असलेला पाण्याचा पातळ थर घर्षणामुळे मंद फिरतो. त्याला बाहेर फेकणारा परिणाम कमी असतो, पण वरच्या पाण्याने निर्माण केलेला दाबातील फरक तितकाच असतो. त्यामुळे तळाचे पाणी मध्याकडे सरकते आणि आपल्याबरोबर पत्ती ओढून नेते.

पत्ती इतकी पातळ असते की ती या मंद थरातच पडून राहते. मोठा गोटा मात्र त्या थरातून डोके वर काढतो आणि वेगवान पाण्याबरोबर फिरू लागतो. तो पाण्यापेक्षा जड असल्यामुळे बाहेरच्या बाजूला जातो आणि तळाच्या कडेने, भिंतीला घासत फिरतो. या एका गोष्टीवरून खळग्यांची दोन वैशिष्ट्ये समजतात. दगड तळाजवळ भिंत कोरतात, तोंडाजवळ त्यांचा उपद्रव कमी असतो, म्हणून पोट तोंडापेक्षा मोठे होते. आणि दगड कडेने फिरत असल्यामुळे तळाचा मधला भाग कमी झिजतो, म्हणून काही खळग्यांच्या तळाशी मध्यभागी छोटा उंचवटा राहतो. भिंतींचा वरचा भाग चकचकीत करण्याचे काम भोवऱ्याबरोबर वर उचलली जाणारी बारीक वाळू करते.

दगड कमी पडले तर, आणि जास्त झाले तर

हत्यारे जितकी जास्त तितके काम जास्त, असे आपल्याला वाटेल. तसे नाही. अमेरिकन भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८७७ सालीच लिहून ठेवले होते की नदीतला गाळ दोन परस्परविरुद्ध कामे करतो : थोडा असताना तो तळ झिजवतो, आणि फार झाला की तळावर पांघरूण घालून त्याचे रक्षण करतो.

हे प्रयोगशाळेत मोजून दाखवले लिओनार्ड स्क्लार आणि विल्यम डीट्रिच यांनी, २००१ साली. त्यांचे यंत्र म्हणजे एक कृत्रिम रांजणच होते. एका उभ्या नळकांड्याच्या तळाशी खडकाची चकती, वर पाणी, त्यात मोजून टाकलेले गोटे, आणि पाणी गरगर फिरवणारा पंखा. गोट्यांचे प्रमाण वाढवत नेले तेव्हा खडकाची झीज आधी वाढत गेली, एका मर्यादेला सर्वांत जास्त झाली, आणि पुढे गोटे वाढले तशी कमी होत गेली. कारण आता गोटे खडकावर आदळण्याऐवजी एकमेकांवरच आदळत होते. वरवंट्याखाली एकदम शेरभर डाळ टाकली तर वाटण होत नाही, हा अनुभव आपल्या घरोघरी आहेच.

खडकाचे वय आणि खळग्याचे वय

खडक ६.६ कोटी वर्षांचा आहे असे सांगितले की पुष्कळ मुले आणि काही मोठी माणसेही खळगे तेवढेच जुने समजतात. हा घोटाळा वेळीच दूर करावा. देवळाचा दगड जुना असतो म्हणून देऊळ तेवढे जुने नसते.

एक हिशोब करून पाहण्यासारखा आहे. समजा, खळग्याचा तळ वर्षाला सरासरी ०.१ मिलिमीटर झिजतो. तर ५ मीटर खोल खळगा व्हायला ५०,००० वर्षे लागतील. वर्षाला १ मिलिमीटर धरले तर ५,००० वर्षे. मुलांना वेगवेगळे आकडे धरून उत्तर कसे बदलते ते पाहू द्यावे. गृहीत बदलले की निष्कर्ष बदलतो, हा धडा खडकांपुरता मर्यादित नाही. पण यांपैकी कोणताही आकडा घेतला तरी खळगा खडकापेक्षा फारच तरुण ठरतो. खडकाचे आयुष्य २४ तासांचा एक दिवस मानले, तर त्यात ५०,००० वर्षे म्हणजे जेमतेम एक मिनिट.

रांजणांतून घळ

निघोजला घळीच्या भिंतींकडे नीट पाहिले तर त्यांवर उभे, अर्धगोल कोनाडे दिसतात. ते अर्धे फुटलेले रांजण आहेत. शेजारशेजारचे दोन खळगे रुंदावत गेले की मधली भिंत पातळ होते, तिला खिडकी पडते, मग ती कोसळते आणि दोन्हींचा एक खळगा होतो. अशा अनेक खळग्यांची माळ जोडली गेली की नदीला खोल वाट मिळते. पाणी त्या वाटेने जाऊ लागते आणि नव्या तळाशी नवे खळगे पडू लागतात. उंचावर कोरडे राहिलेले खळगे म्हणजे नदीचा तळ एके काळी कोणत्या पातळीला होता याच्या खुणा. रांजणखळगे ही नदीने सहज केलेली नक्षी नसून, कठीण कातळातून खाली उतरण्याची तिची पद्धतच आहे.

जगात इतरत्रही असे खळगे आहेत. मावळात इंद्रायणीवरच्या कुंडमळ्याला ते आहेत. दक्षिण आफ्रिकेत ब्लाइड नदीवर ते पाहायला प्रवासी जातात. स्वित्झर्लंडमधील ल्यूसर्न शहरात १८७२ साली हिमयुगातील हिमनदीच्या वितळलेल्या पाण्याने कोरलेले खळगे सापडले. त्यांतला मोठा ९.५ मीटर खोल आहे. निघोजचे खळगे "आशियात सर्वांत मोठे" असे तेथे हमखास ऐकायला मिळते. यावर मुलांना विचारावे : सर्वांत मोठे म्हणजे काय? सर्वांत खोल, सर्वांत रुंद, की संख्येने सर्वांत जास्त? मापे हाती नसतील तर या वाक्याला अर्थ किती?

कारखाना चालू राहावा म्हणून

आमच्यातल्या एकाने एक सुरेख गोल गोटा खिशात टाकला होता. भूगोलाच्या बाईंनी तो परत खळग्यात ठेवायला लावला. "अरे, सुताराच्या घरी जाऊन त्याचा पटाशी-रंधा उचलून आणशील का?" त्यांचे म्हणणे खरे आहे. येणाऱ्या प्रत्येकाने एक गोटा नेला तर लहान खळग्यांची हत्यारे संपतील. याउलट खोली अजमावण्यासाठी जो तो धोंडे टाकत राहिला, किंवा नारळाच्या करवंट्या, बाटल्या आणि प्लास्टिक टाकत राहिला, तर तळावर पांघरूण पडेल. दोन्हींचा परिणाम एकच, आणि तो का हे आपण वर पाहिले.

याहून मोठा बदल वरच्या अंगाला झाला आहे. कुकडीवर जुन्नर तालुक्यात माणिकडोह आणि येडगाव ही धरणे आहेत. त्यांच्या पाण्यावर मोठे क्षेत्र भिजते, आणि त्या पाण्याची गरज कोणी नाकारणार नाही. पण धरण दोन गोष्टी अडवते : पुराचा लोंढा आणि त्याबरोबर येणारे दगडगोटे. म्हणजे भोवरा फिरवणारा हातही मंदावतो आणि वरवंट्याचा पुरवठाही घटतो. उरते ती धरणांच्या खालच्या भागात पडणाऱ्या पावसाची आणि ओढ्यांची मदत. म्हणून निघोजचे रांजण म्हणजे पूर्ण होऊन संग्रहालयात ठेवलेली वस्तू नव्हे. ते चालू असलेले काम आहे, आणि त्याचा वेग आपल्या हातांनी बदललेला आहे. हे मुलांना जागेवर दाखवता येते, म्हणून या जागेचे मोल अधिक.

वर्गात आणि सहलीत करण्यासाठी

१. भाजलेल्या मऊ विटेचे दोन तुकडे घ्या. दोन्हींवर सारख्या आकाराचा लहान खोलगा करा. एकात नुसते पाणी आणि दुसऱ्यात पाणी व चिमूटभर जाड वाळू घाला. सारख्याच बोथट काठ्यांनी दोन्ही ५०० वेळा ढवळा. विटा धुऊन वाळवा आणि खोलगे बारीक कोरड्या वाळूने काठोकाठ भरून, किती चमचे वाळू मावली ते मोजा. नंतर वाळूचे प्रमाण वाढवत नेऊन झीज कोठपर्यंत वाढते ते पाहा. येथे विटेपेक्षा 'नुसते पाणी' असलेला तुकडा महत्त्वाचा. त्याच्याशिवाय तुलना होणार नाही.

२. सपाट बुडाच्या पातेल्यात थोडे पाणी, चहाची पत्ती आणि एक गोटी घाला. पातेले हातात धरून गोल गोल फिरवा. गोटी कडेने धावेल. पातेले खाली ठेवल्यावर पाणी संथ होत असताना पत्ती कोठे जमते ते पाहा.

३. सहलीत उथळ, कोरडे खळगे निवडून त्यांच्या तोंडाची रुंदी आणि खोली दोरीने मोजा. प्रत्येक गटाने दहा खळगे मोजले तर आलेख काढण्याइतकी माहिती जमते. मोठ्या खळग्यांचे पोट तोंडाच्या मानाने अधिक फुगीर असते का, हे शोधायला सांगा.

४. शाळा जवळ असेल तर एकच खळगा ठरवून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, त्याच जागी उभे राहून, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्या. तळाच्या गोट्यांची संख्या नोंदवा. दहा वर्षांनी ही वही कोणत्याही पुस्तकात नसलेली माहिती देईल.

सावधगिरीची सूचना : पाणी भरलेल्या खळग्यांची खोली वरून कळत नाही आणि त्यांच्या भिंतींना धरायला काहीच नसते, त्यामुळे चांगला पोहणाराही आत पडल्यास सहज वर येऊ शकत नाही. शेवाळलेल्या कडांवर मुलांना जाऊ देऊ नये. पावसाळ्यात सहल नेऊ नये, आणि एरवीही वरून पाणी सोडणार आहेत का याची गावात चौकशी करूनच पात्रात उतरावे. हिवाळ्याचे दिवस सर्वांत सोयीचे. तेव्हा पाणी उतरलेले असते, ऊन सौम्य असते, आणि मागच्या पुराने आणलेले गोटे खळग्यांच्या तळाशी स्वच्छ दिसतात.